नानांच्या कॅसेटमधला आंबा

माझं तोंड फटकळ आहे, हे आमच्या घरात नव्याने कुणाला सांगावं लागत नाही. लहानपणीही तसंच होतं. पाहुण्यांसमोर ‘आज चहात दूध कमी पडलंय’ म्हणून सांगणारी आणि मामीच्या नव्या साडीला ‘हे तर पडद्याचं कापड’ म्हणणारी कार्टी ती मीच. हिच्या जिभेला हाड नाही, असं आई उठताबसता म्हणायची. म्हणून हे लिहायला बसले की माझं मलाच नवल वाटतं. आयुष्यात एकदाच मी तोंड मिटून गप्प बसले, आणि नेमकं तिथेच बोलायला हवं होतं.

वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. ते रत्नागिरीत टीव्ही दुरुस्त करायचे आणि नवे बांधूनही द्यायचे. बांधून म्हणजे मुंबईहून पिक्चर ट्यूब, बोर्ड, पेटी असं सगळं सुटं आणायचं आणि आमच्या पुढच्या खोलीत बसून जोडायचं. त्याला लोक ‘असेंबल’ म्हणायचे. कंपनीचा टीव्ही ज्यांना झेपत नसे ते आमच्याकडे यायचे, आणि तेव्हाच्या रत्नागिरीत असे बरेच होते. पुढच्या खोलीत दुकान, मागे स्वयंपाकघर, मध्ये नुसता एक पडदा. त्यामुळे सोल्डरिंगच्या राळेचा वास आणि आईच्या तव्यावरच्या बांगड्यांचा वास यांचं एकच काहीतरी होऊन ते आमच्या कपड्यांना, वह्यांना लागायचं. सकाळी मी मऊ भात जेवायची तीसुद्धा दोन उघड्या टीव्हींच्या मध्ये पाट टाकून. एकावर बातम्या चालू असायच्या, दुसरा नुसता खरखरायचा, आणि नाना दोघांच्या आवाजावर आवाज काढून आईला विचारायचे, आज कुळीथ की आमटी?

नानांचं काम बघायला लोक उभे राहायचे ते एका गोष्टीसाठी. टीव्हीचे रंग लावायचे म्हणजे मागची पेटी उघडून, आतल्या छोट्या बोर्डावरचे लाल, हिरव्या, निळ्या रंगाचे बारीक स्क्रू फिरवायचे. पण माणूस मागे बसला तर पडदा दिसणार कसा? म्हणून समोर आरसा धरायचा. आरसा धरणं हे मी सहासात वर्षांची असल्यापासून माझं काम. नाना मागून बांबूची घासलेली काडी आत घालायचे, कारण आत वीज इतकी असते की लोखंडाचं हत्यार घातलं तर माणूस भिंतीवर जाऊन आदळावा, आणि आरशात बघून विचारायचे, “बरोबर दिसतो का गो?” मी समोर असल्यामुळे मला पडदा सरळ दिसायचा. “लाल जास्त आहे,” मी सांगायची. काडी केसभर फिरायची. “आता?” “आता बरोबर.”

रंग बरोबर की चूक हे ठरवायला त्यांनी एक कॅसेट करून घेतली होती. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका मित्राला धरून आणून दहा मिनिटांची. तिच्यात केळीच्या पानावर कापलेला हापूस होता, जांभ्या दगडाच्या कुंपणाचा गडगा होता, दोरीवर वाळणारं पांढरं धोतर, आईचा चेहरा आणि मांडवीचा समुद्र. बस्स. कुठलाही टीव्ही या कॅसेटला उतरल्याशिवाय आमच्या दारातून बाहेर पडत नसे. नाना म्हणायचे, कंपनीवाले कारखान्यात रंग लावतात, त्यांनी हापूस कुठे बघितलाय! महागातल्या टीव्हीला ते नावं ठेवत नसत, हे मात्र सांगायला हवं. ते मला दोन्ही पडदे शेजारी ठेवून दाखवायचे. स्वस्तातल्या ट्यूबवर काळा रंग काळा नसतो, चुलीतल्या राखेसारखा असतो. पांढऱ्या अक्षरांना एका कडेने तांबडी, दुसऱ्या कडेने निळी सावली पडते. कोपऱ्यात चित्र वाकतं. महागाच्या पडद्यावर अंधारातला माणूससुद्धा ओळखता येतो, आणि सपाट काचेचे ते नवे मोठे टीव्ही तर खिडकी उघडल्यासारखे स्वच्छ. किमतीत तिपटीचा फरक उगीच नसतो, म्हणायचे. पण रंग, नुसता रंग म्हणशील, तर तो हाताने लावता येतो, तिथे गरिबाचा टीव्ही श्रीमंताच्या मांडीला मांडी लावून बसू शकतो. हा त्यांचा अभिमान होता, आणि आमचं पोटही त्यावरच होतं.

परवा मारुती मंदिराजवळच्या एका मोठ्या दुकानात गेले होते. भिंतभर टीव्ही, प्रत्येकावर तोच पोपट आणि तीच फुलं. दुकानातला मुलगा मला काळ्यातला काळा कसा दिसतो ते समजावत होता. मी म्हटलं, बाळा, रंग सगळे भडक करून ठेवलेत तुम्ही, पोपट असा असतो का? तो हसला. सगळ्यांना असंच आवडतं म्हणाला. नाना असते तर त्याला घरी बोलावून कॅसेट दाखवली असती.

तर मी बारावीला होते तेव्हाची गोष्ट. रेल्वे सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते, मुंबईचा माल भराभर यायला लागला होता, आणि गावात कंपनीच्या टीव्हींचं पहिलं चकचकीत दुकान उघडलं होतं. आमच्याकडची गर्दी जरा ओसरली होती. गणपतीच्या आधी आम्ही लिमयेबाईंना एक टीव्ही दिला, त्याचे रंग लावले तेव्हा मी कॉलेजात होते. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहायच्या. चारच दिवसांत त्यांचा निरोप आला की टीव्हीतली माणसं बुडून मेल्यासारखी निळी दिसतात. नानांनी टीव्ही परत आणला, कॅसेट लावली, डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाले, काही झालेलं नाही, केबलवाल्याचा दोष. मी शेजारी उभी होते. दोरीवरचं धोतर आभाळासारखं निळं दिसत होतं.

मी म्हणाले, “नाना, निळं आहे.” ते म्हणाले, “वेडी का काय? पांढरंशुभ्र आहे.” आणि जेवायला उठले.

दुपारी एक ते चार सगळी रत्नागिरी झोपते. नानाही झोपायचे. मी आरसा स्टुलावर उभा केला, मागे तांदळाचा डबा टेकू म्हणून लावला, काडी घेतली आणि निळ्याचा स्क्रू मागे आणला. धोतर पांढरं झालं, आंबा आंब्यासारखा झाला. दुसऱ्या दिवशी टीव्ही बाईंकडे गेला आणि बाईंनी पोऱ्याबरोबर मोदक पाठवले. नाना मोदक खात आईला म्हणाले, “बघ, केबलच होती.”

तिथून ते सुरू झालं. नाना रंग लावायचे, तो प्रत्येक वेळी निळ्याकडे जायचा, आणि दुपारी मी तो परत आणायची. काय झालंय ते मला कळलं नव्हतं असं म्हणायला मला आवडेल. पण मला कळलं होतं. आमच्या शेजारच्या भिकूआबांना मोतीबिंदू झाला होता तेव्हा त्यांनाही सगळं पिवळट दिसायचं. नानांनाही पिवळट दिसत असणार, म्हणून ते निळा वाढवत होते, एवढं बारावी सायन्सच्या पोरीला कळायला काही हरकत नव्हती. भिकूआबांचा डोळा ऑपरेशननंतर पू होऊन गेला. तेव्हापासून आमच्या घरात ऑपरेशन हा शब्द निघाला की आई कानावर हात ठेवायची. शिवाय मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढत नाहीत, घाई कसली, असं सगळेच म्हणायचे. मी तेवढ्यावर स्वतःची समजूत घातली. आणि गावात कळलं की नाना टीव्हीवाल्यांना रंग दिसत नाहीत, तर आमच्या दारात कोण येणार? हेही होतं.

पण खरं कारण त्याहून लाजिरवाणं आहे, आणि या वयात ते लपवून काय करायचं? मला ते आवडत होतं. इतकी वर्षं मी नुसता आरसा धरत होते, आता काडी माझ्या हातात होती. लोक येऊन नानांच्या हाताची तारीफ करायचे आणि मी ओढणीला हात पुसत मनातल्या मनात फुगायची. नाना रंग लावताना पूर्वीपेक्षा जास्त वेळा विचारायला लागले होते, बरोबर दिसतो का गो, बरोबर दिसतो का? मी दर वेळी बरोबर म्हणायची, कारण दुपारी मी बरोबर करणारच होते. शिमग्याच्या सुमाराला त्यांचा उजवा डोळा लाल झाला, ठणकायला लागला. सोल्डरिंगचा धूर गेला, म्हणाले. आईने धने भिजवून त्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. मी अभ्यासाचं पुस्तक तोंडासमोर धरून बसले होते.

मे महिन्यात पावस गावाच्या वाटेवरचे विनूकाका आले. त्यांची आंब्याची बाग होती आणि नानांशी शाळेपासूनची एकेरीतली मैत्री. त्यांना मोठा टीव्ही घ्यायचा होता. कंपनीचा घेण्याइतके पैसे होते, पण नानांनाही डावलवत नव्हतं. ते हसत म्हणाले, कंपनीवाला त्याचा सेट बघायला म्हणून देतोय, तूही तुझा आण, दोन्ही माझ्या ओटीवर शेजारी शेजारी लावू, ज्यातला हापूस हापूस दिसेल तो ठेवीन. नानांना एवढंच हवं होतं. आठ दिवस खपून त्यांनी सेट बांधला. आदल्या दुपारी मी रंग लावला तो इतका मन लावून लावला की तसा पुन्हा कधी लागला नाही.

पण टेंपोत, जांभ्याच्या त्या रस्त्यावर, टीव्ही खिळखिळा होईल इतके धक्के बसले. विनूकाकांच्या ओटीवर लावला तेव्हा एका कोपऱ्यात हिरवट डाग आला होता. तो डाग घालवायला मिनिटभर पुरलं असतं. नाना म्हणाले, आलोच आहे तर सगळाच रंग पुन्हा बघतो. मी म्हटलं, “नाना, राहू द्या, कालच नीट होता.” ते सगळ्यांकडे बघून हसले, पोरगी आता मला शिकवते म्हणाले, आणि मागची पेटी उघडून बसले. ओटीवर विनूकाका, त्यांची बायको माईकाकू, घरातली गडीमाणसं, कंपनीच्या दुकानातला एक माणूस. मी आरसा धरला. एका व्हीसीआरवरून दोन्हीकडे तीच कॅसेट चालली होती. माझ्या डोळ्यांदेखत आमचा आंबा फिकट होत गेला, उकडलेल्या रताळ्यासारखा झाला, कडेने जांभळट. शेजारच्या महागाच्या पडद्यावरचा आंबा जरा जास्तच लालसर होता, पण आंबा होता.

“बरोबर दिसतो का गो?” नानांनी मागून विचारलं.

एवढ्या माणसांत त्यांना चूक म्हणायचं माझ्या जिवावर आलं. मी म्हणाले, “बरोबर.”

नाना पुढे आले, हात पुसून उभे राहिले. कोकणातली माणसं तोंडावर वाईट बोलत नाहीत, वाकडं बोलतात. शेवटी माईकाकू हळूच म्हणाल्या, नाना, तुमच्यातला आंबा जरा आजारी वाटतो हो. नाना हसले. त्यांनी बशीतली खऱ्या हापूसची फोड उचलली, आमच्या पडद्याला लावून धरली आणि म्हणाले, “हे बघा. तसूभर फरक नाही. आणि तो कंपनीचा बघा, हळद फासल्यासारखा.” ती झळझळीत केशरी फोड त्या मेलेल्या रंगाशेजारी त्यांनी कितीतरी वेळ धरून ठेवली. त्यांना खरोखरच दोन्ही सारखे दिसत होते. दुकानातला माणूस हसायला लागला आणि मध्येच थांबला.

विनूकाका पडद्याकडे बघतच नव्हते, नानांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी बाकीच्यांना सरबत घ्यायला आत पाठवलं. मग नानांच्या समोर आले, त्यांच्या डाव्या डोळ्यावर आपला पंजा ठेवला आणि दुसरा हात वर करून विचारलं, “नाना, किती बोटं?”

आत पेल्यांचा आवाज येत होता. मग नाना म्हणाले, “विनू, हात काढ.”

दुसऱ्याच दिवशी विनूकाकांनी आम्हाला जीपमध्ये घालून डॉक्टरांकडे नेलं. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकून पार पुढे गेला होता, त्याने आत दाब वाढला आणि मागची नस मेली. ती परत येत नाही. डावा डोळा मात्र लगेच केला तर चांगला होईल, डॉक्टर म्हणाले. कधीपासून त्रास आहे विचारलं तेव्हा नानांनी दोनतीन महिने सांगितलं. डॉक्टर आमच्याकडे वळले. दिवाळीच्या सुमाराला आणलं असतं तर दोन्ही डोळे राहिले असते, म्हणाले, घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही का? आई रडायला लागली. मी अडाणी, मला कळलंच नाही हो, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचत बसले, मोठ्यापासून बारकीपर्यंत सगळी. माझ्या वाटचं आई रडत होती आणि मी तिला रडू दिलं. ती गेली तेव्हाही हे तिला माहीत नव्हतं.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि छान झालं. पट्टी सुटली तेव्हा नाना अंगणात येऊन जास्वंदीकडे बघत उभे राहिले. आठवड्याने दुकानात आले आणि विनूकाकांकडून परत आलेला तोच सेट लावला. कॅसेट सुरू झाली. मी भिंतीला टेकून उभी होते.

“एवढा निळा?” ते म्हणाले. “हा मी लावला?”

तेव्हा बोलता आलं असतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. पण नानांना वेगळीच चिंता लागली होती. लोकांच्या घरी असलेच टीव्ही गेले असणार, भिडेखातर कुणी बोललं नसणार, म्हणाले. एक एक घर त्यांना पाठ होतं. पाऊस उघडला की प्रत्येकाकडे जाऊन रंग लावून द्यायचे, फुकट, आणि माफी मागायची, असं त्यांनी ठरवून टाकलं. आईने समजावलं, ऐकेनात.

मी बरोबर गेले, पिशवीत आरसा घेऊन. पहिल्या घरी टीव्ही लावला, चेहरे चेहऱ्यांसारखे दिसले. नशीब, नाना म्हणाले. दुसऱ्या घरीही तसंच. तिसऱ्या घरी त्यांनी पेटी उघडून आत बघितलं आणि पुन्हा लावली. चौथ्यापासून त्यांनी पेटी उघडणं सोडून दिलं. नुसता पडदा बघायचे आणि घरच्यांना विचारायचे, हा आपण कधी दिला होता हो? कुणी सांगायचं संक्रांतीला, कुणी दत्तजयंतीच्या आधी, कुणी तुळशीच्या लग्नात. दर घरी चहा आला, दर घरी टीव्ही छान चाललाय म्हणून सांगितलं गेलं, आणि नाना बशीत चहा ओतून डोकं खाली घालून प्यायचे. मी एकेक घर पुढे सरकताना बघत होते आणि मला माहीत होतं की ते दिवस मोजतायत.

सगळ्यात शेवटी लिमयेबाईंचं घर. बाईंनी कौतुकाने टीव्ही लावून दाखवला. पडद्यावर कुठलीशी बाई भाजी चिरत होती आणि भाजी हिरवीगार होती. नानांनी विचारायच्या आतच बाई म्हणाल्या, “गेल्या गणपतीत तुम्ही परत नेलात ना, तेव्हापासून बघायला नको. तुमच्या हातात जादू आहे हो.” नानांनी बाईंना नमस्कार केला. मलाही करायला सांगितला.

बाहेर पडल्यावर आम्ही मांडवीच्या रस्त्याने चालायला लागलो. रिक्षा करू या का, मी विचारलं. त्यांनी हाताने नको म्हटलं. मग ते म्हणाले, “सगळे बरोबर लावलेस. एकसुद्धा चुकला नाही.”

मी आरशाची पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

“गणपतीपासून ना?”

“हो,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. डॉक्टर काय म्हणाले होते ते आम्हा दोघांनाही तोंडपाठ होतं, त्यामुळे पुढचं काही विचारायचं राहिलं नव्हतं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. एक थोबाडीत दिली असती तरी मी आयुष्यभर सुखाने सांगितली असती. ते तसेच चालत राहिले, सावकाश, रस्त्याच्या कडेकडेने. मी त्यांच्या उजव्या बाजूला होते आणि मला रडू फुटलं होतं. तोंड लपवायचंही सुचलं नाही. समोरून येणारी एक मासेवाली टोपली सावरत थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. नाना समोर बघत चालत होते. माझ्या बाजूचं त्यांना काही दिसत नव्हतं.